चालेल म्हणजे काय

माझा धाकटा भाऊ सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. काही लोक ‘होता’ म्हणतात, त्यांना म्हणू दे. मी ‘आहे’ म्हणतो, आणि मी मोठा आहे.

आधी माझं सांगतो, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी शटरवाला. दुकानांची लोखंडी शटरं बसवतो, अडकलेली सोडवतो, स्प्रिंग बदलतो, वाकलेल्या पट्ट्या सरळ करतो. बाजाराच्या रस्त्यावर सकाळी जेवढी शटरं वर जातात त्यातली निम्मी माझ्या हातची, आणि उरलेली खडखड करतात. शाळा मला मानवली नाही. खरं म्हणजे शाळेला मी मानवलो नाही. पण भावाला विद्यापीठात पाठवलं ते मी, आणि आमच्या घराण्यात विद्यापीठाची पायरी चढलेला पहिला माणूस तो. हे मी गिऱ्हाइकाला शटर वर जाईपर्यंत एकदा सांगतो आणि खाली येईपर्यंत परत सांगतो. बायको म्हणते, अहो, लोक तेल न घालता शटर वापरतील पण तुम्हाला बोलावणार नाहीत.

त्याला घरात छोट्या म्हणतात. आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, तरी छोट्याच.

हुशार पोरांच्या गोष्टीत पोरगं सारखं ‘हे का, ते का’ विचारत असतं. आमचं तसं नव्हतं. छोट्या कुणाला काही विचारायचाच नाही. बंद पडलेला रेडिओ दिला की तो घेऊन कोपऱ्यात बसायचा. मी विचारायचो, सांगू का कुठे बिघडलाय? तो मानेनेच नको म्हणायचा. मलाही ठाऊक नसायचं म्हणा, पण विचारायला काय जातं? त्याला मात्र विचारणं म्हणजे हरल्यासारखं वाटायचं. रस्ता चुकला तरी पत्ता विचारणार नाही, फिरत फिरत बरोबर घरी येणार. मी त्याचं कौतुक करायचो. अजूनही करतो.

विद्यापीठात काय घ्यायचं यावरून आमचं एकदा वाजलं होतं. कॉम्प्युटरमध्ये जायचं हे ठरलेलं होतं. मागच्या गल्लीत एक क्लास होता, वर्षभरात सॉफ्टवेअर शिकवून थेट नोकरीला लावायचा. त्याचे सगळे दोस्त तिकडे निघाले होते. मी म्हटलं, तूही जा.

“दादा, तिथे हत्यार चालवायला शिकवतात. उद्या हत्यार बदललं की मी काय करू?”

“मग हत्यार सोडून शिकणार काय?”

“गणित. आणि यंत्र आतून कसा विचार करतं ते.”

“यंत्र विचार करतं?”

“नाही करत. तेच शिकायचंय.”

घेतलं त्याने गणित. माहिती कशी रचून ठेवायची, एक निरोप एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसा जातो, वाटेत हरवला तर काय, असलं सगळं शिकला. परीक्षेच्या वेळी मी त्याच्यासाठी घरातला टीव्ही बंद ठेवायचो, बायकोचं माहेरही बंद ठेवलं होतं. सगळ्या विषयांत पहिला आला. गल्लीतल्या क्लासच्या पोरांना त्याच्या कितीतरी आधी नोकऱ्या लागल्या होत्या, आणि ती पोरं माझ्या दुकानासमोरून नव्या गाड्यांवरून जायची, हॉर्न वाजवून. मग ती जे हत्यार शिकली होती ते बाजारातून उठलं. छोट्याने नवीन हत्यार एका सुट्टीत शिकून घेतलं, घरच्या खुर्चीत बसून, पाय टेबलावर ठेवून. हॉर्न बंद झाले. मी काही बोललो नाही. म्हणजे थोडं बोललो.

त्याला कंपनी मिळाली, चांगली. हॉस्पिटलं, वृद्धाश्रम असल्या ठिकाणी लागणारी सॉफ्टवेअरं बनवायची. तिथेच ते झालं.

शहराच्या टोकाला एक वृद्धाश्रम आहे. लांब इमारत, दोन्ही बाजूंना खोल्या, मागे जुन्या बांधकामाचा जोडलेला भाग. प्रत्येक खोलीत पलंगापाशी एक बटण. म्हाताऱ्या माणसाने ते दाबलं की खाली घंटा वाजायची आणि बोर्डावर त्या खोलीचा दिवा लागायचा. ही जुनी पद्धत, तारेची. छोट्याच्या कंपनीने नवीन केलं. बटण दाबलं की हवेतून निरोप जाणार आणि थेट सेविकेच्या हातातल्या फोनवर खोलीचा नंबर येणार. छोट्याने सगळं स्वतः लिहिलं होतं. आठवडाभर नवीन आणि जुनं दोन्ही बरोबरच चालू ठेवलं होतं. तिथल्या मुख्य सिस्टरनी त्या आठवड्यात खोल्या-खोल्यांत फिरून बघायचं आणि मग जुनं बंद करायचं, असं ठरलेलं.

आठवडा संपला तेव्हा छोट्याने सिस्टरना मेसेज केला. ‘सिस्टर, आजपासून जुनी घंटा बंद केली तर चालेल का?’

सिस्टरनी लिहिलं, ‘चालेल.’

एवढंच. याच्या अलीकडे काही नाही आणि पलीकडे काही नाही.

छोट्या विचारत होता यंत्राचं. जुनं काढलं तर नवीन सगळीकडे चालेल का, तुम्ही बघितलंत ना. आणि सिस्टरना वाटलं हा परवानगी मागतोय. त्यांची काही हरकत नव्हती, म्हणून त्या म्हणाल्या चालेल. त्यांचं मागच्या भागात फिरणं राहून गेलं होतं, पण त्यांना वाटलं, इंजिनिअर बंद करतोय म्हणजे त्याने बघितलं असणार. त्याला वाटलं, सिस्टर चालेल म्हणतायत म्हणजे त्यांनी बघितलं असणार. मागच्या जुन्या भागात भिंती जाड होत्या. तिथल्या शेवटच्या खोल्यांमधून निरोप बाहेरच पडत नव्हता. हे कुणीच बघितलं नव्हतं.

त्यातल्या एका खोलीत एक आजोबा राहायचे. बसचे ड्रायव्हर होते पूर्वी. दुपारी, सगळीकडे जेवणं उरकल्यावर, ते न्हाणीघराच्या दारात पडले. तिथे खालीही एक बटण होतं, पडलेल्या माणसाच्या हाताला येईल असं. ते त्यांनी दाबलं. परत परत दाबलं, हे यंत्रात नोंदलेलं आहे, म्हणजे खोलीतल्या यंत्रात. बाहेर काही गेलं नाही. संध्याकाळचा चहा घेऊन बाई गेल्या तेव्हा दिसले. हॉस्पिटलात नेलं, तिथे ते काही दिवस होते, मग गेले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. वाचलेही असते, नसतेही.

मी छोट्याला म्हटलं होतं, बिचाऱ्याने जन्मभर दुसऱ्याच्या घंटेवर बस थांबवली आणि याची घंटा कुणी ऐकली नाही. तो म्हणाला, “दादा, असं बोलू नकोस.” आवाज न चढवता म्हणाला. नंतर मी तसं कुठे बोललो नाही.

चौकशी झाली. दोन साहेब बसले होते. त्यांनी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला, आणि एकाला एक अर्थ लागला, दुसऱ्याला दुसरा. त्यांची आपसातच जुंपली म्हणे. शेवटी लिहिलं की जाणूनबुजून कुणाची चूक नाही. वृद्धाश्रमात तारेची घंटा परत लावली. सिस्टर गावी निघून गेल्या. कंपनीने छोट्याला नारळ दिला, गोड बोलून.

मग तो घरी बसला. आमच्या दुकानावर एक खोली आहे, ती त्याची. सकाळी उठायचा, अंथरुणाची घडी घालायचा, खुर्चीत बसायचा. रडला नाही. दारूबिरू प्यायला नाही. तसं काही केलं असतं तर मला कळलं असतं काय करायचं ते. बायको जेवण घेऊन जायची, तो म्हणायचा, “ठेवा वहिनी.” तासाने जाऊन बघितलं की तसंच. परत सांगितलं की जेवायचा, सगळं, एक कण न ठेवता. काय जेवलास विचारलं तर सांगता यायचं नाही. खाली मी ग्राइंडर लावला की कानाचे पडदे फाटतील असा आवाज होतो. पूर्वी तो वरून ओरडायचा. आता खिडकीसुद्धा लावून घ्यायचा नाही.

मलाही त्या दिवसांत काही वाटायचं नाही. शटर उघडायचं, लावायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, काय शटरवाले, आज भावाचं काही सांगितलं नाहीत? मी म्हणायचो, सांगतो, सांगतो, आधी ही स्प्रिंग धरा.

असे बरेच महिने गेल्यावर विद्यापीठातून फोन आला, त्याच्याच विभागातून. विभागप्रमुख आता एक बाई होत्या, तो शिकत असताना त्यांनी त्याला शिकवलंही होतं. त्या म्हणाल्या, नवीन मुलं येतायत, त्यांना विषय निवडायचेत, कामाचा अनुभव असलेल्या माणसाने येऊन सांगावं की सॉफ्टवेअरमध्ये जायचं तर काय शिकायचं. आणि शिवाय प्रयोगशाळेत शिकवायला एक जागा भरायची आहे. त्या समितीत आहेत. भाषण चांगलं झालं तर त्यांना ती त्याला देणं सोपं जाईल.

फोन मीच घेतला होता, कारण तो घ्यायचा नाही. मी वर गेलो आणि सांगितलं.

“जायचं?” त्याने विचारलं. मलाच.

“जायचं म्हणजे? नाचत जायचं.”

“बरं.”

मी संध्याकाळपर्यंत अख्ख्या रस्त्याला सांगून टाकलं. माझा भाऊ विद्यापीठात प्रोफेसर होतोय. समोरचा काचवाला म्हणाला, प्रोफेसर की लॅबमध्ये? मी म्हटलं, तू काच काप.

त्या दिवशी बायकोने त्याचा शर्ट इस्त्री केला. मीही लग्नातला काढला, तो पोटावर बसत नव्हता, पण वर कोट घातला की कळत नाही. स्कूटरवर मागे तो बसला होता, हात स्वतःच्याच मांडीवर ठेवून. वळणावरसुद्धा मला धरलं नाही.

बाईंची खोली लहान होती. टेबलावर फायली, खिडकीत एक सुकलेली कुंडी, भिंतीवर नव्या अभ्यासक्रमाचं मोठं पोस्टर. एक हसरा मुलगा, हातात लॅपटॉप, वर लिहिलेलं ‘थेट नोकरी’. बाईंनी आम्हाला बसवलं. चेहरा चांगला होता त्यांचा, दमलेला.

“दोन गोष्टी सांगते,” बाई म्हणाल्या. “हा आमचा नवीन अभ्यासक्रम. यातून गणित काढलंय, सगळं प्रत्यक्ष काम. या वर्षी जागा भरल्या नाहीत तर विभाग अडचणीत येईल. तेव्हा त्याबद्दल दोन शब्द बरे बोल. आणि दुसरं, ते वृद्धाश्रमाचं प्रकरण नको. मुलं घाबरतात. आईबाप तर जास्तच.”

“बरं,” छोट्या म्हणाला.

मी बाईंना म्हटलं, तुम्ही काळजीच करू नका, माझ्या शब्दाबाहेर नाही तो. बाई हसल्या. मीही हसलो. मला वाटलं, झालं काम.

हॉल भरलेला होता. मी मागच्या रांगेत बसलो, शेजारच्या पोराला सांगितलं की बोलणार आहे तो माझा भाऊ. पोराने कानातला इअरफोन काढला, हो का म्हणाला, आणि परत घातला.

छोट्या उभा राहिला. माईक त्याने खाली केला, मग वर केला. आवाज असा होता की बसस्टँडवर गाड्यांची नावं सांगतात तसा. चढ नाही, उतार नाही.

तो म्हणाला, “मला सांगितलंय की तुम्ही काय शिकावं ते सांग. हत्यारं इथे शिकू नका. ती सुट्टीत येतात. मी ज्यावर काम केलं त्यातलं काहीही मी शिकत होतो तेव्हा नव्हतंच. गणित घ्या.”

हॉलमध्ये कुणीतरी हूं केलं. पहिल्या रांगेत बाई बसल्या होत्या, त्यांनी मान थोडी वळवली.

“गणित आकडेमोडीसाठी नाही घ्यायचं. आकडेमोड यंत्र करतं. गणितात ‘प्रत्येक’ म्हणजे प्रत्येक असतं, आणि ‘एखादा’ म्हणजे एखादा. आपण बोलताना दोन्हीला ‘सगळं’ म्हणतो. मग, यंत्र आतून कसं चालतं ते घ्या. एकाने निरोप पाठवला म्हणजे दुसऱ्याला पोचला असं नसतं, हे तिथे शिकवतात. मला शिकवलं होतं. मी त्यात पहिला आलो होतो.”

मी शेजारच्या पोराला कोपर मारलं.

छोट्या थांबला. इतका थांबला की लोकांना वाटलं संपलं, आणि दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या. मग म्हणाला, “एक विचारतो. समजा मी तुम्हाला मेसेज केला. ‘आजपासून जुनी घंटा बंद केली तर चालेल का?’ मी काय विचारतोय?”

“परवानगी,” एक मुलगी म्हणाली.

“नाही, बंद केल्यावर बाकीचं चालेल का ते,” मागून एक जण.

“अरे, सरळ परवानगी आहे ती.”

“सरळ कुठाय? घंटा कसली आहे त्यावर आहे.”

“तुझ्या घरी कुणी परवानगी मागतं का, तुला काय कळणार?” हशा झाला. सगळा हॉल बोलायला लागला. छोट्या उभाच होता, हात टेबलावर ठेवून. शांत झाल्यावर त्याने सांगितलं. वृद्धाश्रम, सिस्टर, जाड भिंती, आजोबा. मी आधी जेवढं सांगितलंय त्यापेक्षा कमी शब्दांत. नोकरी गेली, हे सांगितलं नाही. वाईट वाटलं, हेही सांगितलं नाही. माझ्या शेजारच्या पोराने कानातलं केव्हा काढलं होतं कुणास ठाऊक, ते त्याच्या हातात होतं.

“म्हणून आणखी एक,” तो म्हणाला. “जिथे तुम्ही ढ असाल असा एक विषय घ्या. आपल्या विभागातला नको. नर्सिंगच्या मुलांबरोबर बसा, हिशेबाच्या, भाषेच्या. ती माणसं बोलतात ते लिहून घ्या आणि त्यांना परत वाचून दाखवा. ती म्हणतील, असं नव्हतं म्हटलं मी. ते शिकायचं. मला ते कुणी शिकवलं नाही, आणि शिकवलं असतं तरी मी घेतलं नसतं. मला विचारायला आवडत नव्हतं.”

खाली बसला. टाळ्या वाजल्या, पण कशा वाजवाव्यात ते कुणाला कळत नव्हतं, म्हणून अर्धवट वाजल्या. मी पूर्ण वाजवल्या. लग्नातल्या शर्टाचं एक बटण गेलं.

नंतर बाईंच्या खोलीत गेलो. त्या बसल्या नाहीत, खिडकीपाशी उभ्या होत्या.

“तू मला बरं म्हणाला होतास.”

छोट्याने दार लावून घेतलं.

“मी सांगितलं होतं ते प्रकरण काढू नकोस. तू बरं म्हणालास. म्हणाला होतास ना?”

“म्हणालो होतो. मी ऐकलं, अशा अर्थाने.”

“आणि मला काय कळायला हवं होतं?”

यावर मी तोंड उघडणार होतो. मला बोलता येतं, मी भल्याभल्यांना गप्प करतो. पण छोट्याने हात थोडासा वर केला, माझ्याकडे न बघता, आणि मी गप्प बसलो.

“तुमचं बरोबर आहे मॅडम,” तो म्हणाला. “मी तिथेच सांगायला हवं होतं की मी हे बोलणार आहे. माझ्याकडून परत तेच झालं.”

बाई जरा निवळल्या. खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, “हे बघ, तू शिकवशील चांगला, मला माहितीये. जागा अजून तुझी होऊ शकते. फक्त वर्गात ही गोष्ट नको. बाकी सगळं शिकव.”

छोट्या विचार करत होता. त्याला विचार करताना मी लहानपणापासून बघितलंय, खालचा ओठ आत जातो. बऱ्याच महिन्यांनी तो तसा गेला.

“आता नीट सांगतो,” तो म्हणाला. “मी ती गोष्ट सांगणार. पहिल्याच दिवशी सांगणार. बाकीचं पुस्तकात आहे, त्याला मी कशाला हवा? तर मी याला हो म्हणत नाहीये. हे ‘बरं’ नाही, हे ‘नाही’ आहे.”

“मग कठीण आहे,” बाई म्हणाल्या.

“कठीण म्हणजे नाही का?”

बाई पोस्टरकडे बघत होत्या. मला वाटतं असं कुणी त्यांना तोंडावर विचारलं नसावं. वरचे लोक कठीण म्हणतात आणि खालचे समजून घेतात, अशीच रीत आहे सगळीकडे.

“नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणजे, हो. कठीण म्हणजे नाही. जागा तुला देता येणार नाही.”

“कळलं,” छोट्या म्हणाला. “थँक्यू मॅडम.” आणि खरंच, मनापासून म्हणाला.

येताना स्कूटरवर मी सगळा रस्ता बोलत होतो. कोण समजतात स्वतःला, पोस्टरवरच्या पोराला ठेवा म्हणावं शिकवायला. तो मागे गप्प. सिग्नलला मी म्हटलं, ऐकतोयस का? तो म्हणाला, “ऐकतोय. पटत नाहीये, पण ऐकतोय.” सिग्नल सुटला, मी स्कूटर काढली.

घरी बायको दारातच होती. “काय झालं भावजी?”

“नाही म्हणाल्या वहिनी. जागा नाही मिळाली.”

“मग आता?”

“माहीत नाही. भूक लागलीये.”

बायकोने माझ्याकडे बघितलं. तो स्वतःहून भूक म्हणाला होता. ती आत गेली, आणि भांड्यांचा नेहमीपेक्षा जास्त आवाज आला. तो जेवला. मीठ कमी आहे म्हणाला. तेवढंच. दुसऱ्या दिवशी परत खुर्चीत बसलेला, हात मांडीवर. एका भाषणाने माणूस बरा होतो असं मी म्हणणार नाही. मी पुष्कळ काही वाढवून सांगतो, हे नाही सांगत.

रस्त्यावर मात्र मी सांगून टाकलं. माझ्या भावाने विद्यापीठाची नोकरी लाथाडली. काचवाला म्हणाला, त्यांनी दिलीच नाही असं ऐकलं. मी म्हटलं, दोन्ही एकाच दिवशी झालं, आधी कुठलं झालं ते तुला काय करायचंय.

तोच काचवाला आठवड्याभराने मुलीला घेऊन आला. तिला विद्यापीठात जायचं होतं, कॉम्प्युटरच घ्यायचं होतं. थेट नोकरीवालं घ्यावं की जुनं, यावर घरात रोज भांडण. “तुझ्या भावाला विचार ना,” तो म्हणाला.

“त्याला कशाला? मी सांगतो. गणित घे. आणि ढ विषय घे.”

“ढ विषय म्हणजे?” मुलीने विचारलं.

“म्हणजे ढ लोकांचा जो असतो...” मी म्हटलं, आणि पुढे मला येईना.

“दादा, वर पाठव तिला,” वरून आवाज आला. खिडकी उघडीच असते, मी सांगितलंच.

आम्ही तिघेही वर गेलो. छोट्याने अंथरुणाची घडी बाजूला सरकवून जागा केली. मुलगी पलंगाच्या कडेला बसली, काचवाला दारातच उभा, हात मागे बांधून, कशाला धक्का लागू नये अशी त्याला सवयच आहे.

“काय बनवायचंय तुला?” छोट्याने विचारलं.

“माहीत नाही.”

“मग जुनं घे. त्यात माहीत नसायला वेळ मिळतो.”

मुलगी हसली. छोट्या हसला नाही, त्याने ते विनोद म्हणून म्हटलंच नव्हतं.

“पण मला गणित जमत नाही,” ती म्हणाली.

“जमत नाही म्हणजे काय होतं? समोर आल्यावर काय होतं नेमकं?”

“वाचलं की कळतं. मग स्वतः करायला घेतलं की पहिली ओळ काय लिहायची तेच कळत नाही. आणि सरांना विचारायला लाज वाटते.”

छोट्याचा ओठ आत गेला. मग म्हणाला, “उद्यापासून ये. पुस्तक घेऊन ये. अडलं की लगेच विचारायचं, मनात ठेवायचं नाही. मीही तुला विचारेन.”

“तुम्ही मला काय विचारणार?”

“तुला काय कळलं ते.”

काचवाला दारातून म्हणाला, “रोज येईल ती. म्हणजे, तुमची तब्येत वगैरे... त्रास नाही ना होणार?”

“होईल,” छोट्या म्हणाला. “सकाळी उठून तयार व्हावं लागेल, तेवढा होईल. पण येऊ दे.”

खाली उतरताना काचवाला जिन्यात थांबला. “तुझा भाऊ फार सरळ बोलतो रे.”

“आमच्या घराण्यातच आहे ते,” मी म्हटलं.